तोंडानं मारलेला जॉइंट

नव्या परवान्याची बातमी आली तेव्हा वायरमन शाळेत शिडीवर उभा होता आणि त्याचं डोकं पंख्याच्या पात्यांमध्ये होतं. मी खाली शिडी धरून होतो. मी त्या शाळेत कारकून आहे, आणि शिडी धरणं हे कारकुनाच्याच वाट्याला येतं. एका हातात शिडी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र, असा मी त्याला बातमी वाचून दाखवत होतो. पहिल्या तारखेपासून सबंध राज्यात विजेच्या कामाला एकच परवाना. गावोगावच्या कचेऱ्यांनी दिलेले जुने दाखले रद्द. परवाना नसताना तारेला हात लावला तर दंड, दुसऱ्यांदा सापडला तर कैद, आणि ज्याच्याकडे काम केलं त्याची वीज कायमची बंद.

“पहिली तारीख कधी आहे?” त्यानं वरून विचारलं.

“सोमवारी.”

“मग आजच बसवून टाकतो हा पंखा,” तो म्हणाला. पंखा बसला, फिरला, आणि तो खाली उतरून हात पुसत घरी गेला.

कायदा वाईट हेतूनं केला होता असं मी म्हणणार नाही. कुठल्याशा शहरात एक मोठी इमारत जळाली, माणसं गेली, आणि तिथल्या वायरी ज्यानं ओढल्या त्याला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, असं चौकशीत निघालं. लोक चिडले. चिडणारच. मग राजधानीतल्या शहाण्या माणसांनी सगळ्या राज्याला एकाच मापानं मोजायचं ठरवलं. त्या मापात आमचा वायरमन बसला नाही.

एकतीस वर्षं तो हेच काम करत होता. मामाच्या हाताखाली शिकला. गावातल्या कुठल्या भिंतीत कुठली वायर कुठून वळते ते त्याच्या डोक्यात होतं. लोक त्याला जेवणावरून उठवून न्यायचे आणि तो हात धुऊन निघायचा. तोंडानं मात्र फटकळ. कोणी फ्यूजमध्ये जाड तार घातलेली दिसली की घरमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि ती तार काढून स्वतःच्या खिशात घालून न्यायचा. ठेवली की पुन्हा घालतील, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं होतं.

परवाना काढायला तो राजधानीला गेला. दीड महिना झाला होता कायदा लागू होऊन. खिडकीशी बाई होत्या.

“दहावीचं प्रमाणपत्र?”

“सातवी झालीय माझी.”

“परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली पाच वर्षं काम केल्याचा दाखला?”

“माझ्याच हाताखाली तिघं शिकलेत, बाई.”

“ते परवानाधारक आहेत का?”

“परवाना निघून दीड महिना झालाय. पाच वर्षं कोणाची भरली असतील?”

बाईंना ते पटलं असावं, कारण त्यांनी त्याला पाणी विचारलं. परीक्षेचा अर्ज मात्र दिला नाही. तो परत आला तेव्हा बायकोनं विचारलं, “झालं काम?” तो म्हणाला, “झालं,” आणि पाय धुवायला गेला. परीक्षेला बसू दिलं असतं तर पास झालो असतो, हे तो मला पुढं म्हणाला. एकदाच म्हणाला, पुन्हा विषय काढला नाही.

बाजाराच्या गावी एक परवानाधारक ठेकेदार होता. आसपासच्या साठ गावांना तो एकटा, हाताखाली दोन माणसं; तिघांनाही पदविकेवर सरळ परवाना मिळालेला. त्याच्या दुकानात एक वही होती, तिच्यात नाव लावायचं आणि वाट बघत बसायचं. शाळेचा दुसरा पंखा बंद पडला, त्याला नऊ आठवडे लागले. दवाखान्यातला लशींचा फ्रिज बंद पडला तेव्हा नर्सबाई रोज सायकलवरून बर्फ आणायच्या. दहाव्या दिवशी त्यांनी सगळ्या लशी दवाखान्यामागं खड्डा करून पुरल्या. ठेकेदाराच्या नुसत्या येण्याचा खर्चच एवढा, की लोक बोलावण्याआधी दोनदा विचार करायचे आणि मग बोलवायचेच नाहीत. आपापलंच करायचे. न्हाव्यानं फ्यूजमध्ये सायकलच्या चाकाची तार घातली. माझ्या थोरल्या भावानं बटण मोडलं म्हणून भिंतीतून दोन वायरी बाहेर काढल्या, आणि दिवा लावायचा झाला की त्या एकमेकींत अडकवायचा. वायरमन रस्त्यानं जाताना हे सगळं बघायचा आणि तोंड फिरवून घ्यायचा.

एकदा त्याला राहवलं नाही. पाण्याच्या टाकीची मोटर बंद पडून पाच दिवस झाले होते. बायका लांबच्या विहिरीवरून हंडे आणत होत्या. त्याची बायकोही आणत होती. पाचव्या दिवशी ती हंडा उतरवताना कण्हली, तो उठला, हत्यारांची पिशवी उचलली आणि टाकीवर गेला. तासाभरात मोटर सुरू झाली. तो हात पुसतोय तोच तपासनीस साहेबांची जीप आली. कोणी कळवलं ते आजवर कळलेलं नाही. शोधायला कोणाला तोंडही नव्हतं, कारण तोवर पाणी सगळ्यांनीच भरून घेतलं होतं.

साहेबांनी मोटरपाशी वाकून काम नीट पाहिलं. फोटो काढला, दंडाची पावती फाडली, सही घेतली.

“टाकी सरकारी आहे म्हणून वीज तोडत नाही,” ते म्हणाले. “पण हा पहिला गुन्हा झाला तुमचा. दुसरा करू नका. दुसऱ्याला माझ्या हातात काही राहत नाही.”

दंड भरायचा तर कमाई हवी, म्हणून तो ठेकेदाराकडेच रोजावर लागला. खांबांचे खड्डे खणायला. बावन्नाव्या वर्षी पहार हातात आली. जमीन उन्हानं अशी कडक झालेली, की पहार मारली की हाताचे कोपर झणझणायचे. छातीएवढा खड्डा झाला की तो आत उभा राहून माती वर फेकायचा, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला त्याचं नुसतं डोकं दिसायचं. तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर घट्टे पडले. एकतीस वर्षं बारीक तारा सोलणारी बोटं महिन्याभरात सुजून केळ्याएवढी झाली.

एक दिवस खांबावर चढलेल्या ठेकेदाराच्या माणसाची पक्कड खाली पडली. वायरमननं ती उचलली आणि वर धरली.

“काका, हात नका लावू,” तो माणूस वरून म्हणाला. “ठेवा खाली. मी उतरतो.”

“अरे, नुसती देतोय तुला.”

“कोणी बघितलं तर माझा परवाना जाईल. ठेवा, काका.”

वायरमननं पक्कड मातीत ठेवली. तो माणूस सबंध खांब उतरला, पक्कड घेतली आणि पुन्हा चढला. त्याला अपमान करायचा नव्हता, तो भ्यायला होता. मी तेव्हा शाळेच्या फाटकाशी उभा होतो. वायरमनला राग येईल असं मला वाटलं, पण त्यानं पहार उचलली आणि पुढचा खड्डा धरला. त्याला राग आला नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

गिरणी त्याच्या थोरल्या बहिणीची. तिला सगळं गाव ताईच म्हणतं. साठीला टेकलेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आई लवकर गेली तेव्हा हिनंच भावाला वाढवलं, आणि अजूनही त्याला धाकट्या म्हणूनच हाक मारते. केस, भुवया, पापण्या सगळं पिठानं पांढरं, आणि पीठ छातीत जाऊन जाऊन लागलेला खोकला. गिरणीत चपला चालायच्या नाहीत हा तिचा कायदा. दाराशी बादली ठेवलेली असायची. चपला काढायच्या, पाय धुवायचे, मगच आत यायचं. खायच्या वस्तूत रस्त्याची घाण नको, म्हणायची. याचा आम्हां सगळ्यांना अभिमान होता. बाजाराच्या गावचं पीठ दाताखाली कचकचायचं. ताईच्या पिठात कधी कण लागला नाही.

नवीन धान्य घरोघर आलं आणि गिरणीवर डब्यांची रांग लागली. त्याच आठवड्यात धान्य ओतायच्या पत्र्याच्या नरसाळ्याला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. ताईनं भावाला निरोप धाडला. तो दिवसाचे खड्डे संपवून, मातीनं भरलेला, ऊन उतरता उतरता आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत पाच-सहा जण दळणाला बसले होते, त्यात मी, न्हावी आणि शिंपी होतो.

“ये ना आत,” ताई म्हणाली.

“इथंच बरा आहे. मोटरच्या पायाशी बघ. जमिनीत जाणारी वायर आहे, ती धड आहे का?”

ताई वाकली. “तुटलीय. गंजलीय की उंदरानं खाल्लीय, कोण जाणे.”

“मोटरच्या आत कुठंतरी वीज गळतेय, ताई. ती जमिनीत जायला ती वायर होती. आता जायला वाट नाही म्हणून पत्र्यात येतेय. गिरणी बंद ठेव आणि ठेकेदाराकडे नाव लाव.”

“लावलं. सव्वीस दिवस म्हणाला. सव्वीस दिवस गावानं काय दाणे चावून खायचे?”

“बाजाराच्या गावी जातील.”

“जातील की. डोक्यावर डबे घेऊन. तुझी बायकोही जाईल.” ताई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “चार पावलं आहेत, धाकट्या.”

“चार पावलांवर तुरुंग आहे. आणि तुझी वीज कायमची तुटेल ती वेगळीच.”

शिंपी म्हणाला, “सुईत दोरा ओवायला परवाना लागला की मी सरळ शाळेत नाव घालणार. कारकूनसाहेब, जागा आहे ना?”

“मागच्या बाकावर,” मी म्हणालो.

ताईला हसण्याची फुरसत नव्हती. तिनं भिंतीवरची पक्कड काढली आणि भावासमोर धरली. तो एक पाऊल मागं सरला.

“बरं, तू तिथंच उभा राहा,” ती म्हणाली. “सांग मला. मी करते. तोंडाला तर परवाना लागत नाही ना?”

सगळे हसले. तोही हसला. बऱ्याच महिन्यांनी हसताना दिसला, म्हणून मला बरंही वाटलं.

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. मेन स्विच पाड. फ्यूज काढ आणि कंबरेला खोच, कोणाच्या हातात देऊ नकोस. वायरीची दोन्ही टोकं चाकूनं घास, लाल लखलखीत तांबं दिसेपर्यंत घास. ताई मोटरपाशी उकिडवी बसली. तिची पाठ आमच्याकडे. आत पिठाचा धुरळा, उजेड कमी, आणि तो दारातून मान वाकडी करून करून बघत होता.

“चमकतंय का?”

“चमकतंय.”

“दोन्ही टोकं?”

“हो रे बाबा, दोन्ही.”

“आता एकमेकांवर आडवी धर आणि पक्कडीनं पीळ दे. सहा पीळ. एकाला एक चिकटून आले पाहिजेत. मधे नख शिरता कामा नये.”

ताई खोकली, थांबली, पुन्हा वाकली. तिच्या हाताला पोत्यांची सवय, तारेची नाही. पक्कड दोनदा सटकली. दाराबाहेर त्याचे हात हवेत पीळ देत होते. मी ते बघत होतो. अंगठा दाबून, मनगट वळवून, जणू तार त्याच्याच बोटांत होती.

“ओढून बघ.”

“ओढली. घट्ट आहे.”

त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तेव्हा तो आत गेला असता तर आमच्यापैकी कोणीही बोललं नसतं. पण टाकीच्या वेळीही त्याला असंच वाटलं होतं. तो उंबऱ्याबाहेरच राहिला.

फ्यूज घातला, गिरणी सुरू झाली. ताईनं नरसाळ्याला हात लावला, पुन्हा लावला, मग थोपटलं. मुंग्या गेल्या होत्या. शिंपी म्हणाला, “ताई, आता तुम्हीच वायरमन.”

“ठेकेदार येईपर्यंत रबरी चपला घालूनच काम करायचं,” भावानं बजावलं. “पायाखाली लाकडी फळी ठेव. फळीवरून उतरायचं नाही.”

त्यानं हे ताईला सांगितलं. बाकीच्यांना काही सांगितलं नाही. स्वतः आत गेला असता तर दाराशी पाय धुतले असते, अनवाणी आत गेला असता आणि ओल्या पायांना जमीन कशी लागते ते त्याला तिथल्या तिथं सुचलं असतं. बाहेरून ते सुचलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर एकटी बहीण होती.

अकरा दिवस गिरणी चालली. गिरणी हादरते, सगळ्याच हादरतात. ताईनं एक टोक घासलं होतं, दुसऱ्यावर हिरवट गंज तसाच होता, आणि पीळ होते चार, तेही सैल. हे सगळं नंतर बाहेर आलं.

बाराव्या दिवशी दुपारी शिंपीण दळण घेऊन आली. शिंप्याला कपड्यांची घाई होती म्हणून ती आली. चपला काढल्या, बादलीतल्या पाण्यानं पाय धुतले, आत गेली. धान्य संपत आलं की सगळेच करतात तसं तिनं उरलेले दाणे खाली पडावेत म्हणून नरसाळ्यावर थाप मारली. हात तिथंच राहिला. ताईला आधी वाटलं ती टेकून उभी आहे. तिनं हाकही मारली, “अगं, पीठ भरलं का बघ.” मग तिला तिचा चेहरा दिसला. ताईनं मेन स्विच पाडला आणि शिंपीण पिठाच्या डब्यावर कोसळली. नर्सबाई धावत आल्या. अर्धा तास तिच्या छातीवर दाबत राहिल्या, घामानं निथळल्या, आणि शेवटी मागं सरकून भिंतीला टेकल्या.

शिंपी दुकानातून गळ्यात माप टाकूनच आला. कोणीतरी ते माप काढून घेतलं.

ताई दोन दिवस शिंप्याच्या पायरीवर बसून होती. अन्न नाही, पाणी नाही. तो जाता-येता तिच्याशेजारून जायचा. हाकललं नाही, आत बोलावलंही नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब येणार असं कळलं. त्या दिवशी साहेब यायच्या आधी वायरमनची बायको आमच्या घरी आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

“भाऊजी, तुम्ही कागदपत्रं वाचता. मालकिणीनं स्वतः जोडलं असं निघालं तर काय होतं?”

मी कायदा वाचलेला होता. “कोणाचा जीव गेला असेल तर सात वर्षं.”

“आणि परवाना नसलेल्यानं जोडलं असेल तर?”

“तितकीच. मग मालकिणीला कैद नाही. वीज मात्र तुटते.”

ती जायला वळली. मग म्हणाली, “ते सकाळपासून हजामत करून बसलेत. नवा सदरा काढलाय.” तेवढं बोलून ती गेली, आणि मला सगळं कळलं.

साहेब आले ते दुपारी. सोबत एक तरुण मदतनीस. गिरणीसमोरच्या अंगणात टेबल मांडलं. अर्धं गाव जमलं होतं. साहेबांनी ती वायर कापून आणली होती, जॉइंटसकट, आणि टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली होती.

“हे कोणी केलं?”

ताई उठली. उठताना तिला खोकला आला, आणि त्या खोकल्यात वायरमन पुढं झाला.

“मी केलं, साहेब.”

“धाकट्या,” ताई म्हणाली.

“ताई, तू बस.”

“साहेब, हा आत आलाही नाही, मी माझ्या—”

“ती मला वाचवायला बघतेय,” वायरमन म्हणाला. “थोरली बहीण आहे. लहानपणापासून असंच करते.”

त्याच्या बायकोनं ताईचा दंड धरला आणि तिला खाली बसवलं. तिच्या पकडीत एवढा जोर होता की ताईच्या दंडावर बोटं उमटली. ताई नणंद म्हणून, की नवरा तुरुंगात निघाला म्हणून, कशासाठी तो जोर होता ते मला सांगता येणार नाही.

साहेबांनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. “काम चालू असताना कोण हजर होतं?”

मी खाली बघितलं. न्हावी खाली बघत होता. तेवढ्यात शिंपी म्हणाला, “मी होतो.”

ताईनं डोळे मिटले.

“कोणी केलं?”

शिंपी वायरमनकडे बघत राहिला. त्याच्या बायकोला जाऊन तीन दिवस झाले होते. “यांनीच केलं,” तो म्हणाला. “हे नसते तर झालंच नसतं.”

त्यात माया किती होती आणि राग किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो परत मागं जाऊन उभा राहिला.

साहेब काही लिहीनात. त्यांनी जॉइंट उचलला, उलटसुलट केला.

“टाकीवरचं तुमचं काम मी पाहिलंय,” ते वायरमनला म्हणाले. “बावीस वर्षं मी जॉइंट बघतोय. टाकीवरचा जॉइंट ज्या हातानं केला त्या हातानं हा केलेला नाही. खरं सांगा.”

“हात बिघडलाय, साहेब. खड्डे खणून.” त्यानं तळहात पुढं केले.

“करून दाखवा.”

मदतनिसानं पेटीतून वायरीचे दोन तुकडे, चाकू आणि पक्कड काढून टेबलावर ठेवली. वायरमन बघत राहिला. इतके महिने ज्याला हात लावू दिला नव्हता ते सरकारनं स्वतः त्याच्यापुढं मांडलं होतं.

त्यानं चाकू घेतला, वायर सोलली, आणि चाकू तांब्यावर आडवा पडून घासायलाही लागला. तेव्हा तो थांबला. चाकू खाली ठेवला. पुढं घासलं नाही. दोन टोकं एकमेकांवर धरली आणि पहिला पीळ दिला. तो पीळ सरळ, घट्ट बसला. दुसरा त्याच्या शेजारी, खेटून. बोटं सुजलेली होती, तरी त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्याच्या कपाळावरून घाम नाकावर आला. नवा सदरा पाठीला चिकटला. त्यानं पक्कड थोडी सैल धरली, तिसरा पीळ लांब टाकला, चौथा वाकडा. मग पहिले दोन नखानं उकलून ढिले केले. स्वतःच्या मुलाच्या थोबाडीत मारावी लागल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. टेबलावर ठेवताना जॉइंट डुगडुगत होता.

साहेबांनी दोन्ही जॉइंट शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्यापुढं कबुली होती, साक्षीदार होता आणि आता नमुनाही होता. त्यांनी टोपण काढून लिहायला घेतलं.

मदतनीस लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा. असल्या हातांनी एकतीस वर्षं गावभर वायरी ओढल्यात. मग कायदा करू नये तर काय करावं?”

खरं बोललो असतो तर ताई जीपमध्ये बसली असती. दोन्ही जॉइंट पारदर्शक पिशव्यांत गेले, दोन्हींवर त्याच्या एकट्याचं नाव लिहिलं, आणि ते त्याला घेऊन गेले. ताई अंगणात बसून राहिली. तिला उठवून घरी नेलं ते त्याच्या बायकोनंच.

मदतनिसाचं वाक्य मात्र गावात राहिलं. त्या दिवशी अंगणात नव्हते त्यांनी ते ऐकलं, आणि हळूहळू जे होते तेही आपापल्या भिंतींकडे बघायला लागले. पुढच्या महिन्यात नऊ घरांनी ठेकेदाराच्या वहीत नावं लावली, वायरमननं ओढलेल्या वायरी काढून नव्या घालायला. त्यातलं एक नाव माझ्या थोरल्या भावानं लावलं. त्यानं मला विचारलं, “बरोबर केलं ना?” मी म्हणालो, “हो.”